हात सैल सोडा

पहाटे पाच-चाळीसला आमच्या मजल्यावर पाणी येतं,
अर्धा तास.
न्हाणीची कडी लावून बसलोय,
नळ पिंपात सोडलाय, म्हणून बाहेर कुणाला संशय नाही.
साबणाच्या कोनाड्यात किट.
खोका आला तेव्हा वॉचमनला मी
न विचारताच सांगितलं होतं, मोबाइलचं कव्हर आहे.

अकरा वर्षं लोकांचं रक्त काढतोय,
दहिसर चेकनाका ते बोरिवली,
स्कूटरवर, मागे निळा थंड डबा.
मूठ आवळा. आता हात सैल सोडा. मुंगी चावल्यासारखं होईल.
दिवसातून वीसदा म्हणतो.
स्वतःच्या बोटाला सुई लावली
तेव्हा मुंगी काही आठवली नाही.

एक्क्याण्णव दिवस झाले.
विरारचा फ्लॅट, तिच्या मैत्रिणीचा.
गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं,
कूस बदलली की वाजायचं
आणि हेमांगी हसायची.
निरोध होता. फाटला नव्हता.
नंतर बेसिनपाशी मी त्यात पाणी भरून
फुग्यासारखा वर धरला.
एक थेंब गळला नाही.
तिने दारातून पाहिलं, बोलली काहीच नाही.
तिलाही माझी भीती वाटली असेल
हे सुचायला मला दोन महिने लागले.

मला सगळं ठाऊक आहे, हीच तर गंमत.
विंडो पिरियड म्हणजे काय
ते मी पेशंटना बोटांवर मोजून समजावतो.
पण रात्री दोनला ज्ञान गाढ झोपलेलं असतं
आणि मी टॉर्च लावून काखेत गाठ चाचपतो.
घसा धरला: तेच.
वडापावने पोट बिघडलं: तेच.
एकवीरेला नारळ बोललो,
मग लाज वाटली, देवीला कारण काय सांगू?
लॅबमध्येच तपासलं असतं,
पण मशीनवर धनेश बसतो,
दुपारी आमचा डबा एकाच टेबलावर उघडतो.

रक्ताचा एक थेंब. बाटलीतले दोन.
पट्टीवर गुलाबी ओल सरकू लागते.
पंधरा मिनिटं.

"किती वेळ रे! पाणी जाईल!" ताई.
"झालंच."

का कोण जाणे, क्वाड्रोस बाई आठवतात.
आय. सी. कॉलनी, तळमजला, दारात क्रोटनच्या कुंड्या.
अठरा वर्षं पॉझिटिव्ह.
रोज रात्री जेवणानंतर एक गोळी,
आणि रिपोर्टवर दर वेळी: विषाणू आढळला नाही.
तो रिपोर्ट मीच नेऊन देतो.
त्या दर वेळी चहा ठेवतात,
मी दर वेळी म्हणतो, आज उपवास.
सोमवारी, गुरुवारी,
एकदा तर चक्क रविवारी.
हातमोजे दोन, एकावर एक.
चहाने काय होतं?
काही होत नाही. तसा कागद
आमच्या रिसेप्शनमागे
मीच चिकटवलाय.

'सी'पाशी रेघ उठली.
'टी'पाशी कोरं.
डोळे बारीक करून पाहिलं,
बल्बखाली तिरपं धरून पाहिलं.
कोरंच.
पिंप केव्हाचं भरून वाहत होतं,
पायाखाली पाणी, चप्पल तरंगत दारापाशी गेलेली.
रडलो वगैरे नाही.
पट्टी कागदात, कागद पिशवीत,
पिशवी कामाच्या लाल डब्यात.
तोंड धुतलं. दार उघडलं.
ताईने ओल्या फरशीवरून जो उद्धार केला
तो मी शेवटपर्यंत उभा राहून ऐकला.

बुधवारी क्वाड्रोस बाईंची शीर सापडेना.
दोनदा सॉरी म्हणालो.
मोजे एकच जोडी.
त्यांनी पाहिलं असावं, चष्मा वर केला, मग खाली.
"सावकाश," म्हणाल्या,
आणि आपणहून हात सैल सोडला.

मग चहा आला.
आलं जरा जास्तच, कपाचा कान तुटका.
मी फुंकर मारत बसलो.
"संपला वाटतं उपवास,"
असं म्हणून त्यांनी खारीचा डबा
माझ्याकडे सरकवला.